पालेर्मो: कुठे उतरावं, कधी खावं, काय विचारून घ्यावं

इटलीतल्या सिसिली बेटाच्या या राजधानीत खाण्याचं वेळापत्रक बाजार ठरवतात. ते पाळलं की पैसे आणि पाय दोन्ही वाचतात. सकाळी नऊ ते दुपारी दोन बाजारात उभ्याने खायचं, ऊन उतरेपर्यंत खोलीवर आडवं व्हायचं आणि बसून जेवायचं ते रात्री आठनंतर. दुपारी चारला भूक लागली तर बहुतेक स्वयंपाकघरं बंद मिळतात. उघडी असतात ती मुख्य रस्त्यांवरची, दाराशी पदार्थांचे फोटो लावलेली हॉटेलं. तिथे जाण्यापेक्षा बेकरीतून काहीतरी घ्यावं.

मुख्य बाजार तीन. स्टेशनच्या बाजूचा बालारो सगळ्यात मोठा आणि अजूनही खऱ्या गिऱ्हाइकांचा. तेआत्रो मास्सीमो या ऑपेराघराच्या मागचा कापो सकाळी उत्तम. वुच्चिरीयात दिवसा आता थोडीच दुकानं उरली आहेत, तिथली गर्दी रात्रीची आणि पिणाऱ्यांची.

शाकाहाऱ्यांसाठी या शहराची खरी भेट म्हणजे पानेल्ले. साधारण एक भाग हरभऱ्याच्या पिठाला तीन भाग पाणी, मीठ, बारीक चिरलेली पार्सली. मिश्रण सतत ढवळत कडेने सुटेपर्यंत शिजवतात, पातळ थापतात, गार झाल्यावर तुकडे करून तळतात. तळण्याआधीपर्यंतची सगळी रीत आपल्या पाटवडीची. तीळ लावलेल्या पावात चार-पाच तुकडे घालून वर लिंबू पिळून देतात. सोबत बटाट्याचे लांबट क्रोक्के मागा, तेही त्याच पावात बसतात. काचेच्या पेटीत रचून ठेवलेले पानेल्ले मात्र घेऊ नका, गार झाले की ते चिवट होतात. कढईसमोर उभं राहून नवा घाणा निघेपर्यंत थांबावं. काही गाड्यांवर त्याच तेलात मासेही तळतात, त्यामुळे चालत नसेल तर आधी विचारा.

आता फसवणारी नावं. अरान्चीना म्हणजे भाताचा तळलेला गोळा. त्याचा ‘आल बुर्रो’ प्रकार नावावरून निव्वळ लोण्याचा वाटतो, पण आत बहुधा हॅम असतं. गोल आकाराचा बहुतेक वेळा खिम्याचा, लांबट तो हॅमचा. पालकाचा मिळतो, पण नाव घेऊन मागावा लागतो. स्फिन्चोने हा जाड, मऊ, टोमॅटो-कांद्याचा पाव दिसायला निरुपद्रवी, पण त्यात अँकोव्ही मासा असतो. कान्नोली म्हणजे रिकोटा हे मऊ, ताजं चीज गोड करून भरलेली तळलेली नळी. या नळीत पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. याउलट कापोनाता निर्धास्त मागवा: तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या), व्हिनेगर आणि साखर. ही भाजी कोमटच खातात, गरम करून मागू नये. उन्हाळ्यात कलिंगडाचा जेलो घ्यावा. तो जिलेटिनवर नाही, स्टार्चवर जमवतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढी दोन वाक्यं पाठ असू द्या. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर अँकोव्ही राहून जातो.

मांसाहाऱ्यांसाठी पानी का मेउझा: वासराची प्लीहा आणि फुफ्फुस आधी उकडून, मग चरबीत परतून पावात. गोमांस वर्ज्य असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावं. नुसत्या लिंबासह घेतात किंवा रिकोटा आणि काचोकाव्हाल्लो चीज घालून. पहिल्यांदा चीजवाला सोपा जातो. संध्याकाळी धूर दिसेल तिथे स्तिग्योला भाजत असतात, ही पातीच्या कांद्याभोवती गुंडाळलेली आतडी. ताजा मासा मागवताना मेनूवरचा आकडा ‘एत्तो’चा, म्हणजे शंभर ग्रॅमचा आहे का ते पाहा आणि मासा शिजायला जाण्याआधी वजन करून किंमत विचारा. बिलाचा धक्का बसतो तो बहुतेक इथेच. माणशी ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचा आकार वेगळा लागतो, तो रीतसर आहे, त्यावर वाद घालू नये.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्यावी. टेबलावर तीच महाग पडू शकते. तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. सकाळी ब्रिओश पावासोबत बदामाची किंवा तुतीची ग्रानिता, म्हणजे बर्फाचा दाणेदार गोडा, घेतली की दुपारपर्यंत दुसरं काही लागत नाही. वाइनमध्ये पांढरी ग्रिल्लो माशांबरोबर, लाल नेरो दाव्होला मांसाबरोबर.

मुक्काम निवडताना दृश्य नव्हे, आवाज पाहा. वुच्चिरीया, व्हिया माक्वेदा (‘व्हिया’ म्हणजे रस्ता) आणि बालारोच्या चौकांवरची खोली म्हणजे पहाटेपर्यंत जागरण. जुन्या शहरातच राहायचं असेल तर काल्सा भागात, व्हिया आल्लोरोच्या आतल्या गल्ल्यांत शोधा. तिथून बाजार चालत गाठता येतात. वयस्कर मंडळी असतील तर पोलितेआमा नाट्यगृहाच्या बाजूला उतरावं: रस्ते रुंद, इमारतींना लिफ्ट असण्याची शक्यता जास्त. जुन्या वाड्यांचे मजले उंच असतात, तिथला दुसरा मजला आपल्या चौथ्याएवढे जिने चढवतो. बुकिंगआधी लिफ्ट आणि एसी दोन्ही लेखी विचारा. आफ्रिकेकडून शिरोक्को वारा सुटला की पंख्याने भागत नाही. पर्यटक कर माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा लागतो आणि अनेक ठिकाणी रोखच मागतात. घरगुती खोली घेत असाल तर जाहिरातीत सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, आहे का तपासा, 2025 पासून तो बंधनकारक आहे. 14 जुलैच्या रात्री सांता रोझालियाचा उत्सव असतो, त्या आठवड्याच्या खोल्या फार आधी धराव्यात. 13 डिसेंबरला, सांता लुचीयाच्या दिवशी, पाव आणि पास्ता न खाण्याची रीत आहे. त्या दिवशी गावभर अरान्चीना चालतात आणि उकडलेल्या गव्हाची, रिकोटा घातलेली कुच्चीया मिळते. गव्हाची खीर आवडणाऱ्यांनी ती चुकवू नये.

गाडी शहरात आणू नका. जुन्या भागात मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत महिन्यांनी घरी पोहोचतो. बेटावर फिरायचं असेल तर शहर सोडायच्या दिवशीच गाडी ताब्यात घ्यावी. मोंदेल्लोच्या किनाऱ्याला 806 क्रमांकाची बस जाते. तिकीट तंबाखूच्या दुकानातून आधीच घ्या आणि चढल्यावर यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट दंडाला पात्र असतं. विमानतळ गावापासून सुमारे 35 किलोमीटरवर पुंता राईझीला आहे. ट्रेन आणि बस दोन्ही जातात, पण बसला संध्याकाळच्या कोंडीचा भरवसा नाही. विमान संध्याकाळचं असेल तर ट्रेनच धरावी. कान्नोली घरी न्यायच्या असतील तर नळ्या आणि रिकोटा वेगवेगळे बांधून घ्या, कारण भरलेली नळी काही तासांत मऊ पडते, आणि रिकोटाचा डबा चेक-इनच्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत तो द्रवपदार्थ म्हणून अडवतात.