मशीनची तब्येत

मंगळवार, रात्री उशिरा

माई रेकॉर्डिंगला आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काय रे, आज बरं आहे ना तुझं मशीन?"

एवढंच. टोमणा असता तर परवडला असता, टोमण्याला उलट बोलता येतं. पण घरात कुणी दुखणाईत असलं की पाहुणे दारातूनच हळू आवाजात विचारतात, तसं विचारलं त्यांनी. आणि मग पहिला टेक, म्हणजे गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग, राखून गायल्या. अंतऱ्यात तार षड्जावर एरवी ठाण मांडतात, तिथे आज नुसत्या शिवून खाली आल्या. सगळं दुसऱ्या टेकसाठी ठेवलेलं. पहिला वाया जाणारच, असं त्यांनी धरूनच ठेवलंय.

टेक स्वच्छ निघाला. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना मधूनच 'टिक' असा आवाज पडायचा, तो एकदाही नाही. आता त्याचं काय लोणचं घालू?

हिशोब मांडून बघतो, म्हणजे निदान कुणावर चिडायचं ते तरी कळेल.

मशीन आवाजाची मापं, म्हणजे सँपल, सेकंदाला ४८ हजार घेतं (४८ किलोहर्ट्झ) आणि बफर नावाच्या छोट्या गठ्ठ्यांनी हाताळतं; १२८ सँपलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. दर २.६७ मिलिसेकंदांनी पुढचे १२८ सँपल तयार करून इंटरफेसच्या, म्हणजे माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणाच्या, हाती द्यायचे, न चुकता. तयार नसले तर इंटरफेस थांबत नाही; तेवढ्या जागी भोक पडतं आणि तेच टिक म्हणून ऐकू येतं. इथे सरासरीला काडीची किंमत नाही. हजार बफर वेळेवर पोचले आणि एक चुकला, तर लक्षात राहतो तो चुकलेलाच. यात माईंचं काही चुकत नाही.

धाकटा टास्क मॅनेजर उघडून दाखवतो, "बावीस टक्के तर आहे, रडतोस कशाला?" त्याला समजावणं मी सोडलंय. ८ कोअर आणि १६ थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या १६ रांगांच्या) मशीनवर एक थ्रेड काठोकाठ भरला तरी तिथे जेमतेम ६ टक्के दिसतात. आणि एका ट्रॅकवरचे प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्रॅम, एकामागून एकच चालतात. कॉम्प्रेसरला ईक्यूचं उत्तर मिळाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, त्यामुळे ती साखळी चार कोअरमध्ये वाटून देता येत नाही. पंधरा कोपरे रिकामे आणि एका दारात रेटारेटी, अशी अवस्था. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-पी दाबून परफॉर्मन्स मीटर उघडला की त्यातला 'आरटी सीपीयू' बघायचा, तो आकडा खऱ्या वेळेच्या कामाचा. शिवाय वाजणारे बाकीचे ट्रॅक रीपर आधीच पुढे जाऊन तयार करून ठेवतो, मूळ सेटिंग २०० मिलिसेकंदांचं. रेकॉर्डसाठी आर्म (तयार) करून मॉनिटर लावलेल्या, म्हणजे आवाज लगेच ऐकवणाऱ्या, ट्रॅकला मात्र ती सवलत नाही. त्याला त्या २.६७ मिलिसेकंदांतच सगळं उरकायचं. म्हणून बारा ट्रॅकचा प्रोजेक्ट दिवसभर सुखाने वाजतो आणि माईंचा माइक आर्म केला की कुरकुरतो. नेमका त्यांचाच ट्रॅक. हे त्यांना कसं सांगणार?

टिक आहे कुठे, हे आधी ठरवायला हवं. बहुतेक जण थेट सेटिंगांना हात घालतात आणि तिथेच फसतात. रेकॉर्ड झालेली फाइल पूर्ण झूम करून बघायची. लाटेत तुटलेली पायरी दिसली तर घाव फाइलमध्ये आहे, तो टेक गेला. फाइल गुळगुळीत असेल तर टिक फक्त वाजवताना झालेली, टेक वाचला. त्यानंतर तोच भाग ऑफलाइन रेंडर करायचा, म्हणजे न वाजवता थेट फाइलमध्ये काढायचा. रेंडरमध्येही त्याच जागी टिक आली तर ती मशीनची नाही. फेड न देता (कडेचा आवाज हळू न मिटवता) कापलेला तुकडा असतो, नाहीतर एखादं प्लगइन. रेंडरला घड्याळाची घाई नसते, त्यामुळे तिथे मशीनला दोष देता येत नाही. आणि टिक अगदी ठराविक अंतराने येत असेल तर आधी सीपीयूच्या नादी लागू नये. दोन डिजिटल उपकरणं आपापल्या क्लॉकवर (सँपलची वेळ ठरवणाऱ्या घड्याळावर) चालली आहेत का ते बघावं. एक मास्टर, दुसरं स्लेव्ह केलं की प्रश्न मिटतो. 'गुंऽऽ' असा सलग आवाज तर निराळाच रोग, अर्थिंगचा. चार्जर काढून बघा, गेला तर गेला.

आपल्याकडची टिक अनियमित होती. म्हणून लेटन्सीमॉन, म्हणजे कुठल्या उपकरणाचा ड्रायव्हर किती वेळ अडवून धरतो ते मोजणारं सॉफ्टवेअर.

ते अर्धा तास तरी चालू ठेवावं लागतं. दोन मिनिटांत हिरवा शेरा मिळाला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सर्वाधिक वेळ घेणाऱ्या नोंदीच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावायचं. एकूण वेळेचा रकाना फसवा, कारण आपल्याला एकच लांब फटका नडतो. ड्रायव्हरचं लांबणीवर टाकलेलं काम, ज्याला डीपीसी म्हणतात, एखाद्या कोअरवर सुरू झालं की ते संपेपर्यंत त्या कोअरवर दुसरा कुठलाही थ्रेड चालत नाही, ऑडिओचासुद्धा. असं काम १०० मायक्रोसेकंदांत संपावं, असं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगितलेलं असतं. इथे वाय-फायचा ड्रायव्हर मधूनच १९०० पर्यंत जात होता. २.६७ मिलिसेकंद म्हणजे २६६७ मायक्रोसेकंद; त्यातून १९०० वजा करा. उरलेल्या पाऊण मिलिसेकंदात तंबोरा, रिव्हर्ब (आवाजाची घुमक), माई, सगळे.

नावं वाचताना घाई करू नये. एनडीआयएस, डब्ल्यूडीएफ-झिरो-वन-थाउजंड, स्टोअरपोर्ट ही विंडोजची सामायिक नावं आहेत. त्यांच्या नावावर वेळ पडलेला दिसतो तो पुष्कळदा त्यांच्या खांद्यावर बसलेल्या दुसऱ्याच कुणाचा. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एकेक उपकरण बंद करून बघायचं. वाय-फाय, ब्लूटूथ, वेबकॅम, कार्ड रीडर. एका वेळी एकच, मधे लेटन्सीमॉन थांबवून पुन्हा सुरू, आणि आकडा कागदावर. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुणामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीची एसीपीआय (वीज सांभाळणारी) नोंद बंद केली की काही मशीनवर ठरावीक अंतराने येणारे फटके जातात, हे खरं आहे. फक्त मग बॅटरी किती उरली ते दिसत नाही, आणि आपल्याकडे वीज जाते ती विचारून जात नाही. मी ती चालूच ठेवली.

हार्ड पेजफॉल्टचा, म्हणजे रॅममध्ये नसलेलं डिस्कवरून आणावं लागण्याचा, आकडा बघून घाबरणारेही भेटतात. तो प्रोसेसनिहाय बघावा. ब्राउझरचे असले तर असोत. डॉच्या, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या, नावावर असले तर वाद्यांच्या आवाजाचे रेकॉर्ड केलेले तुकडे (त्यांनाही सँपलच म्हणतात) रॅममध्ये मावत नाहीयेत आणि डिस्कवरून ओढले जाताहेत.

हे सगळं झालं, टिक जवळजवळ गेली, आणि तरीही माई विचारतात. दुरुस्ती मशीनची होते. त्यांनी राखून गायची जी सवय लावून घेतली, ती कुठल्या टॅबमध्ये दिसते?

झोप येत नाहीये. चहा केला. ताईंना फोन करायचा राहिला, उद्या.

परत बसलो. मघाचं वाचलं तर फारच रडगाणं वाटलं. 'जवळजवळ' का लिहिलं, ते आधी लिहितो.

चाचणीची शिस्त साधी असते. एक ठरलेला प्रोजेक्ट, ठरलेला बफर, एकच जड प्लगइन. त्याच्या प्रती वाढवत जायच्या, आवाज फाटला की आकडा लिहायचा. मग एक सेटिंग बदलून पुन्हा. डॉबेंच या तयार चाचणीचीही मूळ कल्पना हीच. पण चाचणी घेतली जाते पंखा, एसी लावून, आणि टेक घेतला जातो दोन्ही बंद करून, खिडक्या लावून, कारण माइकला सगळं ऐकू जातं. मे महिन्यात त्या खोलीत वीस मिनिटांत घाम फुटतो. लॅपटॉपलाही. प्रोसेसर सुरुवातीला टर्बोत, म्हणजे वाढीव वेगाने, पळतो, मग तापमानाची आणि वॅटची मर्यादा गाठली की वेग पाडतो, पुन्हा चढवतो, पुन्हा पाडतो. एचडब्ल्यूइन्फो या मशीनचं तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थ्रॉटलिंगच्या (वेग पाडण्याच्या) ओळीसमोर 'येस' येतं ते नेमकं चौथ्या-पाचव्या कडव्याला. चाचणीत पास आणि परीक्षेत नापास होण्याचं कारण हे. म्हणून चाचणी घ्यायची तर खोली टेकसारखीच बंद करून, आणि मशीन अर्धा तास तापवून.

यावर उपाय जो लागू पडला तो हास्यास्पद आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के केली. बहुतेक लॅपटॉपवर तेवढ्याने टर्बो बंद होतो. किमान स्थितीही तेवढीच ठेवली, म्हणजे वेग खालीवर होत नाही. प्लगइनच्या प्रती कमी बसतात, पण जेवढ्या बसतात तेवढ्या तासभर बसतात. पंख्याचा आवाजही खाली आला, म्हणजे माइकची एक तक्रार कमी. जग मशीन पळवायला पैसे मोजतं, मी फुकटात मशीन मंद केलं आणि ते शहाण्यासारखं वागायला लागलं. धाकट्याला सांगितलं तर तो आठवडाभर हसेल. हसू दे. (नवीन मशीनचं म्हणेल पुन्हा. त्या पैशांचं… असो.)

सोबत नेहमीची कामं: यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद, इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, सँपलच्या फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून सूट. यांतल्या एकेकाने फार मोठा फरक पडत नाही, पण टेकच्या मधोमध अँटिव्हायरसला काम सुचू नये.

आणि १२८ चा हट्ट. तो होता नानांसाठी. कीबोर्डवरून सँपलची पेटी वाजवायची तर बोट आणि सूर यांच्यात अंतर चालत नाही, तिथे लहान बफरला पर्याय नाही. नाना येत नाहीत आता. त्यावर आज नको. पण मग १२८ कुणासाठी सांभाळून ठेवलाय? माईंना स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून ऐकवायची गरजच नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, त्यातून माइक सरळ हेडफोनला जातो, बफर कितीही असो. रीपरमधला त्या ट्रॅकचा मॉनिटर तेवढा बंद करायला हवा. नाहीतर आवाज दोनदा येतो, एक आत्ताचा आणि एक मागून, आणि तो नळीतून बोलल्यासारखा लागतो. रिव्हर्बशिवाय त्या गात नाहीत, ते खरं. मग तोच माइक वेगळ्या ट्रॅकलाही द्यायचा, त्या ट्रॅकचा मॉनिटर चालू ठेवायचा आणि तिथे फक्त ओला रिव्हर्ब, म्हणजे नुसती घुमक, ऐकवायचा; कोरडा, म्हणजे मूळ आवाज, शून्य. ५१२ चा बफर म्हणजे १०.६७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन बावीस-पंचवीसच्या आसपास. रिव्हर्ब तेवढा उशिरा आला तर बिघडत नाही, प्री-डिले म्हणून आपण तसाही देतोच. लिनियर फेज ईक्यू आणि लुकअहेड लिमिटर मात्र मास्टरवरून (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथून) काढायचे, ते स्वतःच शेकडो-हजारो सँपलचा उशीर आणतात. मिक्सच्या वेळी परत लावू.

राहिला रेकॉर्डिंग पुढेमागे सरकण्याचा प्रश्न. ड्रायव्हर जो उशीर सांगतो त्यावर रीपर भरपाई करतो, पण ड्रायव्हर दर वेळी खरं सांगतोच असं नाही. एक केबल आउटपुटमधून इनपुटमध्ये लावायची, क्लिक वाजवून रेकॉर्ड करायची आणि मूळ क्लिकपासून किती सँपल सरकली ते मोजायचं. तेवढा आकडा रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्समध्ये हाताने भरायचा. बफर बदलला की पुन्हा मोजायचं. मोजताना आधी स्पीकर बंद.

राखून गाण्याचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. "माई, आता मशीन बरं आहे" असं सांगून उपयोग नाही. आजारी माणसाच्या घरचे तसंच सांगतात. "हा पहिला टेक" असं त्यांना म्हणणंच बंद करायला हवं. लाल दिवाही त्यांच्या समोरून हलवावा. त्या तंबोरा जुळवायला बसल्या की रेकॉर्ड चालू करून द्यायचं आणि सगळं संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग पहिला कुठला नि दुसरा कुठला, नंतर मी बघेन. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक मोनो ट्रॅक: तासाला साधारण ५१८ एमबी. डिस्कवर भरपूर जागा आहे.