बत्तीस बोरचे रिव्हॉल्व्हर: निवड आणि पहिल्या आठ महिन्यांचा सराव

डिसेंबर

परवाना मंजूर झाल्याचे पत्र या महिन्यात मिळाले. आमचे घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेच्या मधोमध आहे. गाव अडीच किलोमीटरवर आणि सर्वांत जवळची वस्ती चारशे मीटरवर. दोन वर्षांपूर्वी त्या वस्तीवर रात्री चोरटे आले, म्हाताऱ्या माणसांना मारहाण झाली आणि मदत पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला. त्यानंतर मी स्वसंरक्षणासाठी अर्ज केला. नेमबाजीशी माझा परिचय आधीपासून होता, कारण चार वर्षे मी १० मीटर एअर पिस्तूल नियमितपणे चालवत आहे. तरीही कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरणे आणि घरासाठी शस्त्र निवडणे या दोन स्वतंत्र विद्या आहेत, हे प्रशिक्षण प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमातच लक्षात आले. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार असे प्रशिक्षण आवश्यक आहे, आणि ते केवळ उपचार म्हणून उरकू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

इंटरनेटवर या विषयावर जे वाचायला मिळते, त्यातील बहुतेक मजकूर अमेरिकेतील खरेदीदारासाठी लिहिलेला असतो. ९ मिलिमीटर की .४५, पंधरा गोळ्यांचे मॅगझिन की सतरा, हा तिथला वाद आपल्या उपयोगाचा नाही. लष्करी ९ मिलिमीटर काडतूस आणि .३८० व .४५५ ही बुडाला कडा असलेली काडतुसे ज्यात बसतात ती पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडतात. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद असल्याने जुन्या वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांच्या किमती त्यांच्या उपयुक्ततेशी काहीही नाते न ठेवता चढलेल्या आहेत. सामान्य परवानाधारकासमोर प्रत्यक्षात उरते ते मुख्यतः बत्तीस बोर, म्हणजे .३२ इंची नळीचे शस्त्र. त्यातही रिव्हॉल्व्हरचे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि पिस्तुलाचे .३२ एसीपी ही दोन वेगळी काडतुसे आहेत. नुसते ‘बत्तीस’ म्हणून दुकानात मागणी करणाऱ्या नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.

दुकानात जाण्यापूर्वी मी एक काम केले आणि ते प्रत्येकाने करावे असे मला वाटते. टेप घेऊन घर मोजले. घरातील सर्वांत लांब सरळ रेषा, म्हणजे झोपण्याच्या खोलीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, साडेआठ मीटर भरली. जिन्याचे तोंड साडेचार मीटरवर आहे. पुढच्या दाराच्या नेमक्या रेषेत, अंगणापलीकडे १२ मीटरवर, छाटणीला आलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. बत्तीस बोरला दुबळे म्हणण्याची पद्धत असली, तरी ९८ ग्रेन (सुमारे ६.३५ ग्रॅम) वजनाची शिशाची गोळी पत्रा सहज भेदते. म्हणजे पुढच्या दाराच्या दिशेने बार काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे शस्त्र घरात येण्यापूर्वीच ठरले. शस्त्राच्या ताकदीविषयीची माझी हाव त्या मोजणीने संपली.

जानेवारी

जिल्ह्याच्या ठिकाणी एका शस्त्रविक्रेत्याकडे दोन वेळा जाऊन आलो. पहिल्या भेटीत फक्त पाहिले आणि हाताळले. आमचे रेंजवरचे प्रशिक्षक, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब, सोबत होते.

पहिल्यांदा .३२ एसीपीचे ‘अशनी’ नावाचे पिस्तूल हातात घेतले. चपटे, कमरेला नीट बसणारे आणि रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त गोळ्या सामावणारे हे शस्त्र वाईट मुळीच नाही. माझी अडचण वेगळी होती. स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलात काडतूस अडकले, तर मॅगझिन काढून, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून अडथळा दूर करण्याची कृती अंधारात, विचार न करता, हाताला जमली पाहिजे. आणि ती जमण्यासाठी जेवढी काडतुसे खर्च करावी लागतात, तेवढी माझ्या परवान्यावरच्या वार्षिक मर्यादेत बसत नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही, तर चाप पुन्हा ओढला की पुढचे घर, म्हणजे काडतुसाचा पुढचा कप्पा, समोर येते. कमी सराव करू शकणाऱ्या माणसाने यंत्राकडून कमी मागावे, असे माझे मत बनले.

मग निर्भीक पाहिले. २०१४ मध्ये आलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हे रिव्हॉल्व्हर पर्समध्ये मावावे या हेतूने बनवले गेले. ज्यांना शस्त्र दिवसभर जवळ बाळगायचे आहे, त्यांना हे वजन फार मोलाचे वाटेल. माझे शस्त्र मात्र रात्री घरात राहणार होते. हलक्या शस्त्राचा झटका मनगटाला अधिक बसतो आणि गोळी सुटल्यावर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) पुन्हा जागेवर यायला अधिक वेळ लागतो, त्यामुळे २०० ग्रॅमची बचत मला महागात पडली असती.

उरली कानपूरची पोलादी सहाबारी रिव्हॉल्व्हरे. त्यांत आता दोन प्रकार आहेत. जुन्या घडणीचे रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या वळणाचे, मधून मोडून उघडणारे; आणि २०२३ मध्ये आलेले प्रबल, ज्याचे सिलिंडर, म्हणजे काडतुसांच्या घरांचे फिरते नळकांडे, बाजूला उघडते. सुभेदारसाहेबांचा कल प्रबलकडे होता, कारण बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरमध्ये चौकट अखंड राहते आणि कडी झिजण्याचा प्रश्न नसतो. त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तरी मी मोडून उघडणारे घेतले. ते उघडले की सहाही घरे एकदम डोळ्यांसमोर येतात आणि झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या एका हालचालीत बाहेर पडतात. शस्त्र रिकामे आहे की नाही, हा प्रश्न मला रोज पडणार होता. गोळी झाडण्याचा प्रश्न, देव करो, कधीच पडू नये. जो प्रश्न रोजचा आहे, त्याचे उत्तर सोपे असणारे शस्त्र मी निवडले. ७६ मिलिमीटरची नळी आणि सुमारे ७०० ग्रॅम वजन माझ्या हाताला मानवले.

दुसऱ्या भेटीत विक्रेत्याने एकाच प्रकारचे तीन नग समोर ठेवले आणि ते तिन्ही एकमेकांपासून इतके वेगळे निघाले की, न पाहता पेटीबंद नग घेणाऱ्यांविषयी मला काळजी वाटली. आधी तिन्ही उघडून रिकामे असल्याची खात्री केली. घोडा (काडतुसाच्या बुडावर आघात करणारा भाग) सावकाश पूर्ण मागे नेऊन सिलिंडर बोटांनी हलवून पाहिले. एका नगात ते ठळकपणे हलत होते, म्हणजे घर आणि नळी एका रेषेत येण्याची खात्री नव्हती. सहाही घरांसाठी हीच तपासणी केली, कारण पाच घरे नीट आणि सहावे सैल असे होऊ शकते. बंद स्थितीत नळी आणि मूठ दोन हातांत धरून कडीत ढिलेपणा आहे का ते पाहिले. नळीत पांढरा कागद धरून उजेडात आतले आटे, म्हणजे वळणदार खाचा, पाहिले. शेवटी डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी न चढवता, चाप ओढून पाहिला. तिसऱ्या नगाचा चाप जड होता, परंतु त्यात कुठेही अडखळ नव्हती. तोच घेतला. ठरलेल्या मुदतीत शस्त्र परवाना कार्यालयात दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घेतला. त्या नोंदीशी शस्त्रावरचा क्रमांक अंकागणिक जुळवून पाहावा.

मार्च

रेंजवर पहिला दिवस. आपली .३२ ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येतात. बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असतात. १८६९ पासून दारूगोळा बनवणाऱ्या या कारखान्याची काडतुसे वापरताना मला मनापासून अभिमान वाटतो. हे काडतूसही जुने आहे, १८९६ चे. त्याची ताकद माफक असली, तरी नेमकेपणा एवढा चांगला आहे की २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेतील पिस्तुले आजही मुख्यतः याच काडतुसाची असतात. चुकले ते माझे हात.

७ मीटरवर, डबल ॲक्शनमध्ये, १२ गोळ्या झाडल्या. दोन कागदाबाहेर गेल्या. बाकीच्या ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात, पण बहुतेक खाली डावीकडे. एअर पिस्तुलाच्या चापाचे किमान वजन ५०० ग्रॅम असते आणि माझ्या बोटाला चार वर्षे त्याचीच सवय होती. रिव्हॉल्व्हरचा डबल ॲक्शन चाप त्याच्या कित्येक पट जड आहे, आणि तो ओढताना मी सगळा पंजाच आवळत होतो. सुभेदारसाहेबांनी माझ्या नजरेआड सिलिंडर भरले. काही घरांत काडतुसे, काहींत रिकाम्या पुंगळ्या. पुंगळीवर घोडा पडला तेव्हा आवाज झाला नाही, पण माशी बोटभर खाली गेली. मी आवाजाला घाबरून हात दाबत होतो, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. या एका युक्तीने जेवढे शिकवले, तेवढे पन्नास गोळ्यांनी शिकवले नसते.

एप्रिल आणि मे

काडतुसे मोजकी असल्याने सराव मुख्यतः कोरडा, म्हणजे बनावट काडतुसे भरून, रोज रात्री २० वेळा चाप ओढण्याचा. माशीवर नजर, चाप एका लयीत मागे, आणि घोडा पडेपर्यंत माशी हलता कामा नये.

इथे एक चूक नोंदवतो. एका रात्री सराव चालू असताना फोन वाजला, शस्त्र टेबलावर ठेवून मी बोलायला गेलो आणि परत येऊन, न उघडता, थेट चाप ओढला. आत बनावट काडतुसेच होती. तरीही त्या क्षणी हातपाय गार पडले, कारण ती बनावटच आहेत हे मी पाहिलेले नव्हते, गृहीत धरलेले होते. तेव्हापासून खरी काडतुसे दुसऱ्या खोलीतील कुलुपात असल्याशिवाय सराव सुरू होत नाही, सराव मागच्या जाड दगडी भिंतीच्या दिशेनेच होतो, आणि शस्त्र हातातून सुटले की सराव संपला. पुन्हा सुरू करायचा तर उघडून, सहा घरे बोटाने चाचपून.

मेअखेर ७ मीटरवर १२ पैकी १२ गोळ्या १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात आल्या. १० मीटरवर १२ पैकी ९.

जुलै

पावसाळा सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात नळीच्या बाहेरच्या बाजूला तांबूस ठिपका दिसला. कारण सापडले: मी शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवत होतो. चामडे ओल धरून ठेवते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला चावतात. म्यान फक्त नेण्याआणण्यासाठी वापरावे. साठवणीत शस्त्र तेलाचा हात फिरवून, सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. आता दर रविवारी पुसतो.

तिजोरी भिंतीत बोल्टने बसवली आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे, त्यामुळे शस्त्र उशीखाली किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवण्याचा सल्ला मी ऐकूनही घेत नाही. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे. घरातील इतर कोणी ते चालवू शकत नाही, म्हणून ‘घरातील सर्वांना जमेल असे शस्त्र’ हा अमेरिकी निकषही आपल्याला लागू होत नाही. घरच्यांनी काय करायचे ते आम्ही बसून ठरवले: सर्वांनी आतल्या खोलीत यायचे, दार लावायचे, आणि बायकोने ११२ ला फोन लावायचा. अंथरुणातून उठून तिजोरी उघडण्यापर्यंत मला सुरुवातीला ४० सेकंद लागत होते, आता १४ लागतात. त्या १४ सेकंदांत मागचे दार टिकले पाहिजे, म्हणून या महिन्यात तिथे लोखंडी जाळीचे दार बसवले, अंगणात हालचालीवर पेटणारे दोन दिवे लावले. खर्चाचा विचार केला, तर घराच्या संरक्षणात रिव्हॉल्व्हरपेक्षा या दोन गोष्टींनी अधिक भर घातली.

भारतीय न्याय संहितेतील खासगी संरक्षणाची कलमे, ३४ ते ४४, मी वहीत उतरवून काढली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याबाबत कलम ४१ बराच अधिकार देते. परंतु संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, हे कलम ३७ तितक्याच स्पष्टपणे सांगते. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडण्याच्या गोष्टी चावडीवर रंगवून सांगितल्या जातात, त्या ऐकणाऱ्या तरुणांनी ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत.

ऑगस्ट

आजची स्थिती: ७ मीटरवर सर्व गोळ्या १२ सेंटिमीटरच्या आत, १० मीटरवर १२ पैकी ११. मूळ मूठ माझ्या पंजाला बारीक पडते, करंगळी खाली अधांतरी राहते. नाशिकच्या एका सुताराकडून शिसवी लाकडाच्या जाड पट्ट्या करून घेत आहे. शस्त्र त्याच्याकडे न देता पुठ्ठ्यावर माप काढून दिले आहे. काळी माशी संध्याकाळच्या उजेडात दिसेनाशी होते, म्हणून तिच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. पुढच्या रविवारी सुभेदारसाहेब रेंजवरचे अर्धे दिवे मालवून ७ मीटरवर सहा गोळ्या झाडायला लावणार आहेत. तो कागद जपून ठेवून पुढच्या नोंदीत मापे देईन.