लिंडिस्फार्नचा तो दगड

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. त्यामुळे लोक वेळापत्रक बघून येतात, थेट किल्ला गाठतात, मीड (मधाची दारू) चाखतात आणि पाणी चढायच्या आत परततात. किल्ला १६व्या शतकातला. मठाचे लाल दगडी अवशेषही नॉर्मन काळातले, म्हणजे १०६६ नंतरचे. ७९३ साली व्हायकिंगांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या समुद्री लुटारूंनी, लुटलेल्या मठाची जवळून ओळख होते ती संग्रहालयातच, आणि तिथे आम्ही गेलो तेव्हा जेमतेम चार माणसं! मला फार वाईट वाटलं.

तिथे ९व्या शतकातला एक थडग्याचा दगड आहे. लहानसाच, वर गोलाकार. एका बाजूला सात माणसं ओळीने चाललीत, तलवारी आणि कुऱ्हाडी उगारून. दुसऱ्या बाजूला क्रूस, सूर्य, चंद्र आणि प्रार्थना करणारी माणसं. कुणी म्हणतं हा हल्ला, कुणी म्हणतं कयामतीचा दिवस. मला दोन्ही एकच वाटलं. यॉर्कचा विद्वान अल्क्विन तेव्हा फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारी होता. बेटाचा पूर्वीचा बिशप संत कथबर्ट याचं चर्च पाद्र्यांच्या रक्ताने माखलं, असं त्याने कळवळून लिहिलं. पण अंगावर काटा आला तो त्या उगारलेल्या हातांनी. मी काचेसमोरून हलेचना.

मधले दोन दिवस यॉर्कच्या गर्दीत गेले. शिंगांच्या प्लास्टिक टोपांचा तिथे सुळसुळाट. खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हतीच. नॉर्थम्ब्रिया या तेव्हाच्या उत्तरेकडच्या राज्याचे ऑस्बर्ट आणि एला गादीसाठी भांडत असताना ८६६ मध्ये डॅनिश व्हायकिंग सैन्याने हे शहर घेतलं. दोघे एक झाले तेव्हा उशीर झाला होता. ८६७ मध्ये शहर परत घेताना दोघेही मारले गेले. घरच्या भांडणाची एवढी किंमत!

८७५ मध्ये भिक्षूंनी कथबर्टचा देह घेऊन बेट सोडलं. वर्षानुवर्षं भटकून ते चेस्टर-ले-स्ट्रीटला स्थिरावले, तेही गुथ्रेड या ख्रिस्ती डॅनिश राजाच्या आश्रयाने. ज्यांच्या भीतीने घर सोडलं, त्यांच्यातल्याच राजाने जमीन दिली. पुढे ९९५ मध्ये ते डरहॅमला गेले. कथबर्टची कोरीव लाकडी शवपेटी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे. बेट बघून तिथे न जाणं म्हणजे गोष्ट अर्धी सोडणं. आणि बेटावर एक रात्र तरी राहाच. ओहोटीच्या घाईत तो दगड बघून होत नाही.