डावा घोरतोय

बाबांच्या ॲम्प्लिफायरचा डावा स्पीकर नेमका कधी मुका झाला, ते आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. आईने त्याच्यावर मनीप्लांट ठेवला तेव्हा तो गप्पच होता, एवढं नक्की. उजवा वाजायचा, पण गाण्यामागे सतत एक घरघर. नारायण पेठेतल्या माणसाला तक्रार उत्तम जमते, स्क्रू उघडणं नाही. तरी यंदा दिवाळीच्या आवराआवरीत मी ते धूड पुढ्यात घेतलं.

आधी जे सगळेच करतात ते केलं : संशय. आतले, आवाजाला ताकद देणारे मोठे ट्रान्झिस्टर गेले असणार, असं ठरवूनच टाकलं. नशीब, खरेदीला निघण्याआधी आमच्या वाड्यातले रेडिओवाले काका आठवले. दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षं झालीत. ते आले, आवाजाचा खटका शून्यावर नेला आणि मनीप्लांट न हलवता डाव्या स्पीकरला कान लावला.

"अरे, घोरतोय की हा! घोरतो तो जिवंत असतो."

म्हणजे शेवटची, ताकदीची बाजू शाबूत. दोष तिच्या आधी कुठेतरी. आणि खटका शून्यावर असूनही घरघर तेवढीच, म्हणजे ती गाण्याच्या वाटेने येत नव्हती, विजेच्या वाटेने येत होती. घरातली वीज ५० सायकलची. ती एकदिश झाली की सेकंदाला १०० हेलकावे उरतात. ते सपाट करायचं काम दोन जाड कंडेन्सरांचं. आतला द्राव उष्णतेने वर्षानुवर्षं वाळत जातो आणि मग हेलकावे थेट स्पीकरमध्ये. माझे ट्रान्झिस्टर बिचारे निर्दोष होते.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली. गाडी लावायला जागा शोधण्यात कंडेन्सर शोधण्यापेक्षा जास्त वेळ गेला. मी ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट मागितले. दुकानदाराने ६३ व्होल्टचे पुढे टाकले. मी वर पाहिलं. "व्होल्ट जास्त चालतात, कमी चालत नाहीत," एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नवे कंडेन्सर जुन्यांच्या निम्म्या आकाराचे. इतक्या लहान चणीत तेवढंच काम कसं मावतं, हे मला अजून पटलेलं नाही.

जुने काढण्याआधी काकांनी ते रेझिस्टर लावून रिकामे करायला लावले, कारण प्लग काढला तरी त्यांच्यात भार राहतो. नव्यांना सोल्डरचा डाग दिल्यावर मशीन थेट बोर्डात न लावता मध्ये सिरीजचा १०० वॉटचा बल्ब. बल्ब भक्कन पेटला आणि हळूहळू मंदावला. पेटलेलाच राहिला असता तर आत शॉर्ट. त्या दोन सेकंदांत मी श्वास घेतला नाही.

घरघर गेली. डावा मात्र आता पुरताच गप्प. आधी निदान घोरत तरी होता.

मशीन बंद करून गाणं आत आणणाऱ्या मागच्या दोन पिना उलटसुलट लावल्या. आता उजवीकडे डावीकडचं गाणं आलं, डावा तरीही मुका. म्हणजे गाणं आत शिरत होतं आणि वाटेत कुठेतरी हरवत होतं. काकांनी पुढच्या पट्टीवरल्या एका लहानशा बटणावर बोट ठेवलं : टेप मॉनिटर. गाणं कॅसेट डेकमधून फिरवून आणायचं की थेट पुढे सोडायचं, ते ठरवणारं बटण. डेक गेल्यावर त्याला कोणी हात लावला नव्हता. न वापरलेल्या बटणातले धातूचे संपर्क काळे पडतात. प्लग काढून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला आणि ते बटण वीसेक वेळा खटाखट दाबलं.

पुन्हा चालू केल्यावर डावीकडून आधी खरखर आली, मग तबला.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थबकली. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल.

"वाजतोय होय तो," ती म्हणाली. "मग आता कुंडी कुठे ठेवू?"