अंग गार, आणि नाव मात्र मिल्क फिवर

आमची गौरी एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीची गाय. डिसेंबरात चौथ्या वेताला संध्याकाळी व्याली. कालवड झाली, वारही वेळेत पडली. चीक इतका की बादली भरली. मी हौसेनं कास पार रिकामी केली.

निफाडच्या थंडीत पहाटे चारला गोठ्यात गेले तर गौरी बसलेली, मान वळवून कुशीला टेकवलेली. सरळ करावी तर परत तिकडेच. कान गार, मुसकट कोरडं. सासूबाई म्हणाल्या, "थंडी भरली गं, गूळ-ओव्याचा काढा पाजू." बाटली भरलीसुद्धा. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. "ताई, तोंडातून काही घालू नका. तिला गिळता येत नाही, फुप्फुसात जाईल. आडवी पडू देऊ नका, पोट फुगेल." आम्ही दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावून तिला बसती ठेवली.

डॉक्टरांनी येऊन थर्मामीटर लावला, 98 फॅरेनहाइट. गाईला 101-102 हवा. म्हणाले, मिल्क फिवर. मला कळेना, ताप कुठाय? त्यांनी समजावलं : चिकासाठी रक्तातलं कॅल्शियम कासेकडे ओढलं जातं आणि हाडांतून ते तितक्या लवकर सुटत नाही. 100 मिलि रक्तद्रवात 8 ते 10 मिलिग्रॅम लागतं. 5 च्या खाली गेलं की गाय उठतच नाही.

कॅल्शियमची 450 मिलिची बाटली कोमट करून मानेच्या शिरेतून हळूहळू सोडली. एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं छातीला स्टेथोस्कोप. घाई केली तर हृदय बंद पडतं म्हणे. मी बॅटरी धरून उभी, हात थरथरत होते. अर्धी बाटली संपली तशी तिच्या मांडीचं मांस लवलवलं. मग मुसकटावर बारीक थेंब दिसले. ढेकर आला, शेण पडलं. बाटली संपल्यावर थोड्या वेळानं मागचे पाय टेकून ती उठली आणि कालवडीकडे बघून हंबरली. सासूबाईंनी तिथंच हात जोडले.

चूक माझीच होती. भाकड काळात, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद असताना, हाडं मजबूत व्हावीत म्हणून मी रोज कॅल्शियम पाजत होते, वर लसूणघास, त्यातही कॅल्शियम भरपूर. बाहेरून आयतं मिळालं की शरीर हाडांतून काढायचं विसरतं. आणि पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण पिळायची नसते.

गौरीला आता पुन्हा नववा लागलाय. लसूणघास शेजारच्या दावणीला टाकते तेव्हा ती मान लांब करून बघते. जीव तुटतो, पण देत नाही.