ए कुठला, बी कुठला?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, यंत्रं चालवणारे कंट्रोलर आणि त्यांना सेन्सर-मोटारी जोडणारी आय-ओ मॉड्यूल बनवणाऱ्या आम्ही सात कंपन्या पहिल्यांदा एका टेबलाशी बसलो. काम एवढंच, की कुणाचंही मॉड्यूल कुणाच्याही कंट्रोलरला वायरिंग न बदलता लागावं. बोलणं मराठी-गुजरातीत, इतिवृत्त इंग्रजीत.

ड्रॉइंग उघडण्याआधी नियमांचा कागद फिरवला. एका कंपनीला एक मत, तांत्रिक ठरावाला तीन-चतुर्थांश मतं, आणि कामाच्या आड येईल असं पेटंट असेल तर ते आजच सांगायचं. "आपल्याकडे कसलं पेटंट, साहेब?" एक जण हसला. मग रॅम्बसची गोष्ट सांगितली. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत मेमरी चिपचं मानक ठरत होतं तेव्हा रॅम्बस ही कंपनी बैठकांना बसायची. १९९६ मध्ये ती बाहेर पडली आणि पुढे त्या मानकाची एसडीरॅम मेमरी बनवणाऱ्यांवर पेटंटचे दावे लावले. वर्षानुवर्षं कोर्ट चाललं. हे ऐकल्यावर सह्या झाल्या. दराचा विषय दाराबाहेर. स्पर्धकांनी मिळून किमती ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात अडकतं.

मग पाच मॉड्यूल मांडली. सगळी आरएस-४८५ची, म्हणजे दोन वायरींवरून डेटा पाठवायच्या मानकाची. त्या वायरींची नावं 'ए' आणि 'बी'. डेटा चालू नसताना, हलका व्होल्टेज (बायस) दिलेल्या शांत लाइनवर मल्टिमीटर लावला, तर तिघांचा 'ए' धन निघाला, दोघांचा 'बी'. मूळ मानकात शांत लाइनवर बी धन असतो. बहुतेक चिपवाले नेमकं उलट छापतात. म्हणजे चूक कुणाचीच नाही, आणि साइटवरचा वायरमन मात्र वायरी उलटसुलट करून बघत बसतो. अक्षरंच काढून टाकली. अधिक, उणे आणि कॉमन, म्हणजे संदर्भाची तिसरी वायर.

कॉमनवर कुरकुर झाली. "दोन वायरीवर चालतंय की!" चालतं, दोन पॅनेलच्या अर्थिंगमध्ये फरक पडेपर्यंत. बस, म्हणजे सगळ्यांना जोडणारी ही लाइन, उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट सोसते. त्यापलीकडे चिप जाते आणि खापर फुटतं विजेवर.

सेव-उसळ झाली आणि कनेक्टरवर गाडी अडली. नऊ पिनी डी-टाइप घ्यावा, तर आरएस-४८५वर चालणाऱ्या दोन पद्धतींपैकी प्रोफीबसचा डेटा ३ आणि ८ नंबरच्या पिनवर, मॉडबसचा ५ आणि ९ वर. प्रोफीबसची ५ नंबरची पिन तर ग्राउंड. चुकीची केबल लागली की डेटाची एक वायर थेट ग्राउंडला आणि बस मुकी. आरजे-४५, म्हणजे नेटवर्क केबलचा आठ पिनी कनेक्टर, स्वस्त, केबल कुठेही मिळते. मॉडबसचा डेटा त्यात ४ आणि ५ वर, कॉमन ८ वर. पण कॅमेऱ्यांना नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे साधे पीओई इंजेक्टर ४-५ वर धन आणि ७-८ वर ऋण देतात. शेजारच्या कॅमेऱ्याची केबल चुकून इथे लागली, तर डेटावर सरळ २४ किंवा ४८ व्होल्ट.

मी तीन टोकांचा प्लगेबल टर्मिनल मांडला. बाजूने पाच, विरुद्ध दोन. टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी सकाळचा कागद काढला. सातांत तीन-चतुर्थांश म्हणजे सहा. ठराव पडला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने दोन मॉड्यूल आणि आपली केबल आणायची. आरजे-४५वाल्यांनी एक इंजेक्टरही.