शेवटच्या गटाचं भाषण

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या मेळाव्यात दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ हे सगळं असतं. ते दरवर्षी जसंच्या तसं असतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. लोक येतात ते खजिन्याच्या शर्यतीसाठी. संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी सातला रविवार कारंजावर जमायचं, चौघाचौघांचे गट पाडायचे आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांश टाकून जुन्या नाशकात आणि पंचवटीत लपवलेले डबे हुडकत सुटायचं. सगळे डबे गाठून जो गट आधी घाटावर पोचेल तो पहिला.

कल्पना आमच्या भूगोलाच्या सरांची. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि 3 मे रोजी ऑरेगॉनमधल्या एका माणसाने रानात बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. लपवलेला डबा असा हुडकायचा खेळ, म्हणजे जिओकॅशिंग, सुरू झाला तो तिथून. सरांनी हे वाचलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मानगुटीवर बसवलं. काही घ्या, काही ठेवा, वहीत सही करा, हे मूळचे नियम आम्ही तसेच ठेवले. फक्त खणायचं नाही आणि डबा उघड्यावर ठेवायचा नाही. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, बेवारस डबा दिसला की काय धावपळ उडते ते कुंभमेळा पाहिलेल्या गावाला सांगायला नको. म्हणून डबा असतो ओळखीच्या दुकानदाराच्या गल्ल्याखाली, आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय तो हलत नाही.

निघण्याआधी सर पाच मिनिटं बोलतात. "वीसचं अक्षवृत्त आपल्या गावातून जातं रे, आणि तुम्ही रोज त्याच्यावरून स्कूटर नेता!" हे वाक्य ठरलेलं. मग मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर, हा हिशेब. आणि शेवटी सूचना : "गल्लीबोळात संदेश वाड्यांच्या भिंतींवर आपटून येतो, शेजारच्याच वाड्यात नेऊन सोडतो. शेवटची वीस पावलं मोबाइल खिशात घालून चाला." सगळ्यांना पाठ आहे, तरी सर बोलताना कुणी चुळबुळ करत नाही. आठवीत करायचो.

कोडी सरच घालतात. तिवंधा चौकाचं कोडं मला फार आवडतं. आकडे टाकले की माणूस थेट रस्त्याच्या मध्यावर येऊन उभा राहतो. तिथे ना दुकान, ना ओटा, ना डबा. मागून रिक्षावाला भोंगा वाजवत असतो. उत्तर पायाखाली असतं : रहाड. रंग खेळायचा पेशवाईपासूनचा हा हौद रंगपंचमीला उघडतात, एरवी फळ्या टाकून वर माती. बाहेरगावी वाढलेली आमची मुलं तिथे अक्षरशः वाकून जमीन ठोकून बघतात.

दुसरं कोडं, "माहेर वसई, सासर गंगाकाठ, आवाज मोठा पण भांडखोर नाही." सिडकोच्या एका गटाने पंचवटीत दोन घरांची दारं वाजवून 'वसईच्या वहिनी' इथेच राहतात का विचारलं होतं! ती नारोशंकराच्या देवळाची घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या लुटीतली पोर्तुगीजांची घंटा. तिच्यावर 1721 साल आहे. देऊळ 1747 चं. बंदरावरची घंटा घाट चढून गोदावरीवर आली, हे सांगताना सरांचा आवाज जरा चढतोच.

पण मी ज्याची वाट बघते ते याच्याही नंतर येतं. आमच्याकडे पहिल्या गटाला बक्षीस मिळतं आणि शेवटच्या गटाला भाषण करावं लागतं. जिंकणारे बोलायला लागले की मी खुशाल मिसळीची तर्री बघायला जाते. त्यांचं सगळं सारखंच, शॉर्टकट आणि वेळ. शेवटच्यांना मात्र उशीर का झाला ते सांगावं लागतं.

एका वर्षी हे काम आमच्या वर्गातल्या एका सीएवर आलं. शाळेत हा मुलगा 'हजर' सोडून काही बोलला असेल तर मला आठवत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीसमोर उभा राहून सांगू लागला की, सराफ बाजारामागच्या बोळात ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारलं, "कोणाचे रे तुम्ही?" आडनाव सांगितलं तर आजींना याचे आजोबा माहीत. मग शर्यत संपलीच. 1969 च्या पुरात त्यांच्या घरातून काय काय गेलं ते आजींनी सांगितलं, आणि याने ते हिशेबनिसासारखं क्रमाने आमच्यापुढे ठेवलं : पितळी घंगाळ गेलं, धान्याची कणगी गेली, पाळणा गेला. पाळण्यातलं पोर आधीच माडीवर नेलं होतं. पाटा राहिला, वरवंटा गेला. "वरवंटा कसा काय गेला, हे आजींना अजून कळलेलं नाही," म्हणाला आणि खाली बसला. सर चष्मा पुसत होते. मीही काही फार बऱ्या अवस्थेत नव्हते.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं पार पडतं ते. भांडीबाजारातले काका, जे डबा कळशीत ठेवतात आणि परवलीचा शब्द चुकला तर सख्ख्या पुतण्यालाही देत नाहीत. रामकुंडावरच्या फुलवाल्या मावशी. काळारामाच्या पूर्व दरवाजाजवळचे प्रसादवाले दादा. आकडे तपासायला आदल्या रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्या दोघी बहिणी. शाळेचे शिपाईमामा, निवृत्त होऊनही सतरंज्या तेच मोजतात. पाण्याचे जार देणारे, फोटो काढणारा आणि म्हणून एकाही फोटोत नसणारा धाकट्या तुकडीतला मुलगा, मिसळीच्या आचाऱ्यांची मंडळी. हो, आणि वह्या शिवून देणारे बाइंडर काका. गेल्या वेळी आभारात ते राहिले होते आणि मला आठवडाभर झोप लागली नव्हती. ओट्यावरच्या आजीही यात धरते, त्यांना पत्ता नसला तरी.

आणि एक सांगतेच. पुण्याची मंडळी मध्यरात्रीची एसटी पकडून येतात, मुंबईचे आदल्या रात्री येऊन नातेवाइकांकडे राहतात. कॉलेज रोडवरच्यांना मात्र रविवार कारंजा लांब पडतो. अकराला, नेमके मिसळीच्या वेळी, गाडी लावायला जागा नाही म्हणत उगवतात. त्यातल्या एका तुकडीचा ग्रुपवर रोज सुप्रभात असतो, मेळाव्याला दोन डोकी. यंदा ठरलंय, वहीत किमान एका डब्याची सही दाखवल्याशिवाय पाव मिळणार नाही. तर्रीचं मी बघते.